तलंगा अंड्यावर येताना या चुका टाळा

दिवाळी सरली की जुळे सोलापुरातल्या आमच्या परसात तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांच्या, तुऱ्यांचा रंग पालटायला लागतो. जूनच्या मध्याला आणलेली पिल्लं तोवर पाच-साडेपाच महिन्यांची झालेली असतात. फिकट गुलाबी तुरा लाल होतो, गलोल म्हणजे चोचीखालच्या मांसल पाळ्या लोंबू लागतात, आणि एरवी उकिरडा सोडून न हलणारी एखादी तलंग जिन्याखाली, कुंड्यांमागे, न्हाणीच्या आडोशाला डोकावत फिरते. तिला जागा हवी असते, घरातल्या पोरांना अंडं हवं असतं, आणि आपल्याला घाई झालेली असते.

मी गेली नऊ वर्षं आठ-दहा कोंबड्या पाळते आहे. ओळखीतले लोक याच दिवसांत विचारायला येतात: अंडं का नाही, कवच का पातळ, कोंबडी अंडी का फोडते. त्यांच्याकडे आणि माझ्याकडेही, बहुतेक तक्रारींचं मूळ पहिल्या अंड्याच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात निघालं. तेव्हा काय खाऊ घातलं, कुठे ठेवलं, किती छेडलं, यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वय ऐकून घेऊ नका, अंग बघून घ्या

आठवडी बाजारात "अंड्यावर आलेली आहे, आठ दिवसांत सुरू होईल" असं सांगून चार महिन्यांची तलंग सर्रास विकली जाते. घरी आणून लोक दोन महिने वाट बघतात आणि मग कोंबडीलाच दोष देतात. विकणाऱ्याने सांगितलेलं वय विसरा आणि कोंबडी हातात घ्या.

तुरा आणि गलोल लाल, मऊ, भरलेले हवेत. मग शेपटीखाली हात लावून बघा. द्वाराच्या, म्हणजे अंडं आणि विष्ठा बाहेर येते त्या तोंडाच्या, दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यात जेमतेम एक बोट मावत असेल तर अजून बराच अवकाश आहे. दोन बोटं सहज मावली, हाडं लवचिक लागली आणि द्वार मोठं, ओलसर दिसलं, तर दिवस जवळ आले. ते लहान, गोल, कोरडं असेल तर नाही. सगळ्यात भरवशाची खूण मात्र घरीच दिसते. पाठीवर हात नेला की तलंग पळण्याऐवजी पंख किंचित पसरून जमिनीला चिकटून बसते. आमच्याकडे अशी बसायला लागलेली तलंग बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत अंडं देते.

जातीप्रमाणे फरक मोठा पडतो. अंड्यांसाठीच तयार केलेल्या फार्मच्या जाती १८ ते २० आठवड्यांत सुरू होतात. आर.आय.आर. म्हणजे ऱ्होड आयलंड रेडसारख्या कोंबड्यांना २२ ते २४ आठवडे लागतात. गावठी आणि कडकनाथ सहा महिने घेतात, कधी त्याहून महिनाभर जास्त. गावठी तलंगेने साडेसहा महिन्यांपर्यंत अंडं दिलं नाही म्हणून तिला कापायला काढणारे लोक मी पाहिलेत. चांगली कोंबडी अशी फुकट जाते. पिल्लं आणली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, म्हणजे "झाले असतील की सहा महिने" असा अंदाज करायची वेळ येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच. अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लं काढायला.

तलंगा विकत घ्यायच्याच असतील तर अंड्याच्या तोंडावर घेऊ नका. १५-१६ आठवड्यांच्या घ्या. जागा बदलली, कळप बदलला की चोचाचोची होऊन पुन्हा मानपान ठरतो आणि त्या धक्क्याने अंडं दोन-तीन आठवडे पुढे जातं. जंताचं औषध, राणीखेतची म्हणजे मानमोडीची बूस्टर लस, देवीची लस ही सगळी कामंही पशुवैद्यकाला विचारून याच वयात उरकून घ्या. अंड्यावर आल्यावर औषध द्यावं लागलं तर ती अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही विचारावं लागतं.

लेअरचं खाद्य वेळेआधी सुरू करणं

ही चूक मी स्वतः केली आणि ती मला फार लागली.

पहिल्या खेपेच्या तलंगा तीन महिन्यांच्या असताना एका खाद्यविक्रेत्याने सांगितलं की आतापासूनच लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य, चालू करा, अंडी लवकर येतील. मला ते पटलं. सव्वा महिन्यात दोन तलंगा मलूल झाल्या, पातळ पांढरी विष्ठा टाकू लागल्या आणि एक मेली. डॉक्टरांनी ती उघडून दाखवली. मूत्रपिंडं सुजलेली होती, काळजावर आणि यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर होता. अंडं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. वाढीच्या वयातल्या तलंगेला साधारण एक टक्का पुरतं. अंडं नसताना एवढं कॅल्शियम जायला वाट नसते. ते मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावं लागतं, आणि कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट. पहिलं अंडं यायच्या सुमारे दोन आठवडे आधी तलंगेचं शरीर पायाच्या पोकळ हाडांत कॅल्शियमचा साठा करायला लागतं. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि एका दिवसाच्या चाऱ्यातून तेवढं वेळेवर मिळेलच असं नाही. कमी पडलं की ते या साठ्यातून काढलं जातं. साठा झालेलाच नसेल तर हाडं झिजतात. अशी कोंबडी महिना-दोन महिने छान अंडी देते आणि मग एके दिवशी पायावर उभी राहू शकत नाही.

म्हणून माझा नियम वयाचा नाही, तुऱ्याचा आहे. निम्म्याअधिक तलंगांचे तुरे लाल झाले की ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढीच्या वयातल्या खाद्यात, लेअर मिसळायला सुरुवात करते आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलते. शिंपल्याचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात ठेवते, खाद्यात मिसळत नाही. ज्या तलंगेला गरज असते तीच तो खाते. ज्यांच्या कळपात कोंबडे, पिल्लं आणि तलंगा एकत्र आहेत त्यांनी तर सगळ्यांना ग्रोअर आणि बाजूला शिंपला हीच सोय ठेवावी.

शिंपला पिठासारखा नको, ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर हवा. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसेक तास कवच चढवण्यात जातात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. जाड चुरा पेटरीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो, भुकटी संध्याकाळपर्यंत संपून जाते. शिंपल्याचं भांडं दिवे लागायच्या आधी भरलेलं आहे ना, एवढं बघा. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, पण ती तव्यावर कडक भाजून आणि ओळखू न येतील इतकी चुरून. बांधकामाचा चुना कोंबड्यांपुढे टाकू नका. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

ज्वारीवर सगळं भागत नाही

आपल्याकडे ज्वारीची ददात नाही. मंगळवेढ्याची मालदांडी घरोघर असते, पाखडताना निघालेले बारीक दाणे आणि शिळी भाकरी कोंबड्यांनाच जाते. ज्वारी चांगलीच आहे, पण तिच्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के लागतात. नुसत्या ज्वारी-भाकरीवरची तलंग अंगाने गोल दिसते, चरबी धरते, आणि अंडं मात्र लांबतं. त्या चरबीमुळे पुढे अंडं अडकायचा धोकाही वाढतो.

दिवसाचं खाणं एका कोंबडीमागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम धरा. त्यातला मोठा भाग तयार खाद्याचा असू द्या आणि दाणे संध्याकाळी मूठभर. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या वाळवी, किडे, गवत खाऊन बरीच कसर भरून काढतात. शेवग्याचा पाला आणि लसूणघास आमच्याकडे रोज असतो, बलकाचा गडद रंग त्यातूनच येतो. शेंगदाण्याची पेंड देणार असाल तर हुंगून घ्या. कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ती पेंड फेका, जनावरालाही घालू नका. शेंगेच्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खाऊन टाकतं आणि अंडी बंद पडतात. हंगामात बाजार समितीबाहेर टाकलेला कांदा पोत्याने आणून कोंबड्यांना घालणारेही आहेत. तसं करू नका. अंड्याला वास लागतो आणि जास्त कांदा त्यांच्या रक्ताला सोसत नाही. शेंगाची चटणी लागलेलं, मीठ-तिखटाचं खरकटंही नको.

पहिली अंडी विचित्र असतात, घाबरू नका

पहिलं अंडं बोराएवढं निघालं, दुसऱ्याला कवचच नाही, तिसऱ्यात दोन बलकं. अशा वेळी लोक घाबरून खाद्य बदलतात, औषधं पाजतात, कोणी दृष्ट काढतं. काही करायला नको. बीजांडकोश आणि अंडनलिका नुकत्याच कामाला लागलेल्या असतात, त्यांचा मेळ बसायला दोन-तीन आठवडे जातात. एका वेळी दोन बलकं सुटली की जोडबलकाचं अंडं होतं. बलक न सुटताच नलिका कामाला लागली की बिनबलकाचं, बोराएवढं अंडं. कवच चढायच्या आत बाहेर पडलं की पापुद्र्याचं. पहिल्या काही अंड्यांवर रक्ताची रेघ दिसणंही सामान्य आहे. रोजच दिसत असेल, किंवा थेंब थेंब रक्त पडत असेल, तर मात्र त्या कोंबडीला वेगळी करून नीट बघा.

रोज एक अंडं हा हिशेबही सोडून द्या. पंचवीस तासांच्या हिशेबाने अंडं रोज थोडं उशिरा येतं, दुपार गाठली की कोंबडी एक दिवस विसावा घेते आणि पुन्हा सकाळी सुरू करते. अंडी देणाऱ्या चांगल्या जातीतही मधे खाडा पडतो. गावठी कोंबडी तर दहा-पंधरा अंडी देऊन खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, तिच्या अंगातच ते आहे.

काळजी कधी करायची, तर मेळ बसलेल्या कोंबड्यांची अंडी अचानक पातळ, सुरकुतलेली किंवा बिनकवचाची यायला लागली, संख्या एकदम पडली, आणि बरोबर शिंका, घरघर, हिरवी विष्ठा किंवा मान वाकडी होणं दिसलं तेव्हा. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि नवी कोंबडी आत घेऊ नका, आपली बाहेर विकू नका.

अंड्याची जागा उशिरा करणं

"अंडं आलं की पेटी करू" असं म्हणणाऱ्याला पहिली वीस अंडी कडब्याच्या गंजीत शोधावी लागतात. तलंग एकदा जिथे अंडं देते तिथेच पुन्हा जाते. ती जागा तुम्ही ठरवली नाही तर ती ठरवते, आणि मग मोडता मोडत नाही.

पहिल्या अंड्याच्या तीन-चार आठवडे आधी पेट्या तयार ठेवा. बारा इंच लांब, तेवढीच रुंद आणि उंच जागा एका कोंबडीला पुरते, आणि चार-पाच कोंबड्यांत एक पेटी चालते. सुताराकडे जायची गरज नाही. डाळिंबाचा रिकामा क्रेट आडवा ठेवा, पुढून निम्म्या तोंडावर गोणपाट सोडा, तळाला गोणपाट अंथरून वर चार बोटं गव्हाचा भुसा किंवा कोरडं गवत घाला. अंधारी, निवांत, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि उन्हाच्या भिंतीला न टेकलेली जागा. पश्चिमेच्या पत्र्याला लागून ठेवलेल्या पेटीत आमची एकही तलंग गेली नव्हती. हात घालून बघितलं तेव्हा कारण कळलं, दुपारी तीनला आत भट्टी होती.

पेटी बसायच्या दांडीपेक्षा खाली हवी. कोंबड्या रात्री सगळ्यात उंच जागा धरतात. पेटी उंच असली की त्या तिच्यातच झोपतात आणि सकाळी भुसा विष्ठेने भरलेला असतो. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी पेट्यांची तोंडं झाकून पहाटे उघडली तर ही सवय लागत नाही. पेटीत एक खोटं अंडं ठेवा. प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू, गुळगुळीत पांढरा गोटा, काहीही चालतं. तिथे आधीच कुणी अंडं दिलंय, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असं तलंगेला वाटतं.

तरीही एखादी बाहेर जातेच. बहुतेक अंडी सकाळी येतात. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कोंबड्यांना दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा, पाणी आणि खाद्य आत द्या, मग सोडा. एवढ्याने बहुतेकींना पेटीची सवय होते. जी होत नाही तिच्यावर लांबून नजर ठेवा. ओरडत परत येणारीच्या मागे जाण्यात अर्थ नाही, ती अंडं देऊन बरीच पुढे आलेली असते. गुपचूप एकटी निघालेली शोधा. तुरकाट्यांचा ढीग, बंद पडलेल्या गाडीखालची जागा, बाभळीच्या बुंध्याजवळचा पालापाचोळा, या तिच्या आवडीच्या जागा. सगळी अंडी एकदम उचलून नेली तर ती दुसरी जागा शोधते, आणि ती तुम्हाला सापडेल याची खात्री नाही. एक खोटं अंडं तिथे ठेवा, बाकीची उचला, आणि तिला सकाळी कोंडायचं पुन्हा सुरू करा.

अशी सापडलेली अंडी पाण्यात टाकून बघा. आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, वेगळ्या वाटीत फोडून वास घेऊन मगच वापरावं. तरंगलं तर टाकून द्यावं. कळपात कोंबडा असेल आणि दिवस एप्रिल-मेचे असतील, तर सावलीतलं अंडंसुद्धा आपोआप उबायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत आत रक्ताच्या शिरा दिसतात. उन्हाळ्यात अंडी दिवसातून तीनदा गोळा करा.

खुराड्यातूनच अंडी नाहीशी होत असतील तर खुणा बघा. ओला भुसा आणि चिकटलेला बलक असेल तर कोंबडीच खाते आहे. काहीच मागे नसेल तर मुंगूस, साप किंवा घूस. जाळीची भोकं अर्ध्या इंचाहून मोठी ठेवू नका.

सोलापूरचं ऊन आणि सोलापूरचं पाणी

इथल्या कोंबड्यांचं निम्मं दुखणं उन्हाचं असतं, आणि याबद्दल पुणे-कोल्हापूरच्या लोकांचे सल्ले फारसे कामाला येत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवचाचा कार्बोनेट त्यातूनच तयार व्हायचा असतो. शिवाय उकाड्यात ती खातही कमी. म्हणून उत्तम खाद्य, भरपूर शिंपला असूनही मे महिन्यात कवच कागदासारखं येतं. तिथे कॅल्शियमच्या बाटल्या आणून उपयोग नाही, सावली आणि गार पाणी आणा.

सगळ्यात मोठी चूक पिल्लं आणण्याच्या वेळेची. नोव्हेंबरमध्ये पिल्लं घेतली की ती बरोबर एप्रिल-मेमध्ये अंड्यावर येतात. पहिल्यांदाच अंडं देणारं शरीर आणि अंगाची लाही करणारं ऊन एकत्र गाठ पडतं, आणि त्यात तलंगा दगावतात. जून-जुलैत घेतलेली पिल्लं दिवाळी ते संक्रांतीच्या गारव्यात सुरू होतात आणि उन्हाळा येईतो सरावलेली असतात. सरकारच्या अंडी उबवणी केंद्रातून पिल्लं घ्यायची असतील तर नोंदणी उन्हाळ्यातच करा, पावसाळ्यात मागणी फार असते.

पाण्याचं वेगळं दुखणं आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं, आपण ते गच्चीवरच्या टाकीत साठवतो, आणि दुपारी टाकीतून उतरणारं पाणी हाताला चटका देतं. तेच पाणी कोंबड्यांच्या भांड्यात जातं. कोंबडी गरम पाणी पीत नाही. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पिते, आणि एक दिवस तहानलेली राहिली तर कित्येक दिवस अंडं देत नाही. मातीची पसरट भांडी आणा, सावलीत ठेवा, दुपारी दोनदा माठातलं पाणी ओता. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या जागी तीन भांडी असतात, कारण दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर ठाण मांडते आणि नव्या तलंगांना जवळ येऊ देत नाही.

खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. अकरा ते चार खाद्याचं भांडं उचलून ठेवा. पचनानेही अंगात उष्णता वाढते. पत्र्यावर कडबा किंवा तुरकाट्या पसरा, पश्चिमेच्या जाळीला ओलं गोणपाट लावा, पण वारा खेळता राहू द्या. चारही बाजू ओल्या पोत्यांनी बंद केलेल्या खुराड्यात दमट उकाडा साचतो आणि धापा टाकूनही कोंबडीचं अंग गार होत नाही.

दिव्याची घाई

दिवस लांबला की कोंबडीचं शरीर अंड्याची तयारी करतं, म्हणून लोक खुराड्यात बल्ब लावतात. सोलापुरात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, जूनमधला सव्वातेरा तासांचा. एवढ्या उजेडात परसातली तलंग स्वतःच्या वेळेने अंड्यावर येते. चार महिन्यांच्या तलंगेवर बल्ब लावून अंडं लवकर काढलं तर कंबरेची हाडं पुरती रुंदावलेली नसतात. अंडं अडकतं किंवा अंग, म्हणजे आतला मांसल भाग, द्वारातून बाहेर येतं. दिवा लावायचाच असेल तर पहिली अंडी सुरू झाल्यावर, पहाटेच्या बाजूने, आठवड्याला अर्धा तास वाढवत चौदा-पंधरा तासांपर्यंत न्या, आणि एकदा लावला की रोज त्याच वेळी लावा. आज लावला, उद्या वीज नाही, परवा विसरला, यापेक्षा न लावलेला बरा.

फटाक्यांचाही उल्लेख करायला हवा. दिवाळीत आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री जवळपास राहणाऱ्यांनी खुराडं आवाजाच्या बाजूने झाकून घ्यावं. त्या रात्रीच्या दचक्याने दुसऱ्या दिवशी बिनकवचाचं अंडं येतं. ते आजाराचं लक्षण नाही.

अंडं अडकलं तर पोट दाबू नका

तलंग एका जागी उभी आहे, शेपटी खाली, पंख ढिले, पुन्हा पुन्हा जोर लावते, विष्ठा होत नाही, पेटीत जाते आणि रिकामी परत येते. हे अंडं अडकल्याचं लक्षण आहे. अशा वेळी घरातलं कुणीतरी जाणतं माणूस पोट दाबून अंडं बाहेर काढायला बघतं. आत अंडं फुटलं तर त्याची टोकं नलिका फाडतात आणि कोंबडी वाचत नाही.

घमेल्यात कोमट पाणी घ्या, हाताला सुखद लागेल इतकंच. तिचा मागचा भाग त्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवून धरा. पुसून, द्वाराला आतून-बाहेरून थोडं खोबरेल लावून तिला अंधाऱ्या, उबदार, निवांत डालग्याखाली ठेवा. थोडा गूळ घातलेलं पाणी आणि शिंपला पुढ्यात ठेवा. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर पुन्हा एकदा शेक द्या, आणि तरीही नाही तर डॉक्टरांकडे न्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

अंग बाहेर आलं असेल, म्हणजे लाल मांसल भाग द्वाराबाहेर दिसत असेल, तर सगळ्यात आधी तिला इतर कोंबड्यांपासून दूर करा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचतात, आणि काही मिनिटांत जीव जातो. कोमट मिठाच्या पाण्याने तो भाग धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात धरा आणि दवाखान्यात न्या. काही दिवस अंधाऱ्या जागेत ठेवून, खाणं बेताचं देऊन अंडं थांबवावं लागतं. अशी कोंबडी पुन्हा कळपात सोडायची घाई केली की तोच प्रकार परत होतो.

अंडी फोडून खाणारी

ही सवय बहुतेक वेळा अपघाताने लागते. पातळ कवचाचं अंडं पेटीत फुटतं, तलंग चाखते, आणि पुढच्या वेळी स्वतः फोडते. एकीचं बघून दुसरी शिकते. म्हणून पहिल्या फुटलेल्या अंड्यालाच जागे व्हा. ओला भुसा सगळा काढा, नवा घाला, पेटीचा उजेड कमी करा, अंडी तासा-दोन तासांनी उचला, शिंपला पुरेसा आहे का बघा, आणि खाद्यातली प्रथिनं कमी पडत नाहीत ना तेही. अंड्याच्या कवचात मिरचीपूड भरून ठेवतात, पण त्याने काही होत नाही, कोंबडीला तिखट लागतच नाही. खोटी कडक अंडी पेटीत ठेवली तर चोच मारून मारून ती कंटाळते, हे माझ्याकडे दोनदा उपयोगी पडलं. चोच भाजून बोथट करण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

खुडूक बसलेलीला पाण्यात बुडवू नका

गावठी तलंग पहिल्या दहा-पंधरा अंड्यांनंतर पेटीत फुगून बसते, हात नेला की गुरगुरते, खायलाही उठत नाही. पिल्लं काढायची असतील तर तिच्याखाली दहा-बारा ताजी, फळलेली अंडी ठेवा, एकवीस दिवसांचं काम आहे. मात्र हे मार्चअखेरपासून पावसापर्यंत करू नका, उबवणाऱ्या कोंबडीला त्या उन्हात बसून राहणं सोसत नाही.

अंडी नको असतील तर तिला पाण्यात बुचकळणं, टांगून ठेवणं, उपाशी ठेवणं हे गावागावांत चालणारे उपाय करू नका. तिच्या पोटाला ऊब मिळायची थांबली की खुडूक उतरतो. तळाला जाळी असलेला पिंजरा चार विटांवर ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. आत भुसा नको. पाणी आणि खाद्य भरपूर द्या आणि पिंजरा बाकीच्यांना दिसेल अशा सावलीच्या जागी ठेवा. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोडून बघा. सरळ दांडीवर जाऊन बसली तर काम झालं. पेटीकडे वळली तर आणखी दोन दिवस ठेवा. अंडं त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतं. तोवर तिचं लेअर खाद्य आणि शिंपला चालू राहू द्या, आणि तिची पेटी रोज झाडून ठेवा.